नागिणीचं तोंड आणि शेपूट

आम्ही केमहून बोलतोय, करमाळा तालुक्यातल्या. कुंकवाचं केम म्हटलं की बऱ्याच जणींना गाव लगेच कळतं. आमच्या गटातल्या कितीतरी बायका कुंकवाच्या कारखान्यात कामाला जातात. त्यांचे हात एवढे लाल असतात की पासबुकावर अंगठा उठवायला शाईचा डबा लागत नाही, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो.

आज नागिणीबद्दल बोलायचं आहे. शेतातल्या नव्हे, अंगावर उठते त्या. आणि तिच्यासोबत कांजिण्यांबद्दलही. दोन आजार एकाच दिवशी कशाला, असं वाटेल. आम्हालाही गेल्या वर्षापर्यंत या दोघींचं एकमेकींशी काही नातं आहे हे माहीत नव्हतं. ते कळायला आमच्या गटातल्या एका मावशींना सात महिने सोसावं लागलं, आणि त्यात आमचीही चूक होती. मावशींना विचारूनच हे सांगतोय. "सांगा, पण नाव नका घेऊ," म्हणाल्या.

भाद्रपदातली गोष्ट. नवरात्राच्या ऑर्डरी असल्यामुळे कुंकवाच्या पुड्या भरायचं काम जोरात होतं. मावशी साठीच्या पुढच्या, साखरेचा आजार आहे, पण कामाला वाघ. एका सोमवारी म्हणाल्या, "डाव्या बरगडीखाली आग आग होतंय. चटका बसल्यागत." वर बघितलं तर काही दिसेना. पोतं उचलताना लचक भरली असेल म्हणून एकीनं तेल लावलं. दुसरी म्हणाली, पित्त आहे, थंड दूध प्या. मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी पाठीपासून छातीखालपर्यंत लालसर पट्टा उठला. आमच्याकडे लाल काही दिसलं की पहिला संशय कुंकवावर. कुंकू उडालं असेल, घामानं उतलं असेल. संध्याकाळी त्याच पट्ट्यावर पाण्याचे बारीक फोड आले, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटून. तेव्हा शेजारच्या आजींनी बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं, ही तर नागीण! तोंडाला शेपूट मिळालं की माणूस राहत न्हाई."

एवढं ऐकल्यावर कुणाला दवाखाना आठवतो? रविवारी आम्हीच गाडी केली. आम्हीच. शेजारच्या तालुक्यात एक जण नागीण उतरवतात असं कळलं होतं. गटाच्या शिलकीतून पाचशे रुपये घेतले, नारळ घेतला आणि मावशींना घेऊन गेलो. त्यांनी गेरूनं पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघा मारल्या, म्हणजे तोंड आणि शेपूट पुढं सरकायला नको. काहीतरी पुटपुटले. तीन रविवार यायचं, सुई टोचून घ्यायची नाही, नाहीतर नागीण आत शिरते, असं बजावलं. आम्ही मान डोलावली. आमच्यात एक जण बी.ए. झालेली आहे, तिनंही डोलावली.

दुसऱ्या रविवारी परत आलो तेव्हा फोड सुकायला लागले होते, पण मावशींना रात्रभर झोप नव्हती. पदर लागला तरी कळवळायच्या. सोमवारी त्यांच्या मुलानं आमचं न ऐकता त्यांना तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. सोबत आम्ही दोघी गेलो.

डॉक्टर बाई होत्या. ओरडतील असं वाटलं होतं, पण ओरडल्या नाहीत. पट्टा बघितला आणि विचारलं, "किती दिवस झाले?" फोड उठून अकरा दिवस. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "याच्यावर गोळ्या आहेत. पण त्या फोड उठल्यापासून तीन दिवसांत, बहात्तर तासांत सुरू केल्या तर खरा उपयोग. नवे फोड येत असतील तर नंतरही देतात. यांचे फोड थांबलेत. आता दुखणं आटोक्यात आणायचं काम उरलंय."

बहात्तर तास. आम्ही बोटांवर मोजलं. गुरुवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. म्हणजे पहिल्या रविवारी आम्ही ज्या गाडीत बसून नारळ घेऊन निघालो, ती गाडी उलट्या दिशेला वळवली असती तरी वेळ साधली असती.

आता डॉक्टर बाईंनी जे समजावलं ते सांगतो.

कांजिण्या ज्या विषाणूमुळे होतात, त्याच विषाणूमुळे नागीण होते. लहानपणी कांजिण्या येतात, खपल्या पडतात, पोरगं खेळायला जातं. आपण म्हणतो, आजार गेला. तो विषाणू मात्र जात नाही. मणक्याच्या बाजूला नसांची मुळं असतात. रक्ताच्या नसा नव्हेत, ज्यांच्यामुळे आपल्याला चटका, टोचणं, गार-गरम कळतं त्या. तिथं तो जाऊन झोपतो. तीस वर्षं, चाळीस वर्षं, कुणाच्या अंगात मरेपर्यंत झोपूनच राहतो. वय वाढलं, अंगातली झुंजायची ताकद कमी झाली, साखर आहे, कॅन्सरचे उपचार चाललेत, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, एचआयव्ही आहे, अशा वेळी तो एखाद्या मुळात जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी आग होते आणि दोन-चार दिवसांनी फोड दिसतात. वाटेत असतो तेव्हा दुखतं, पोचतो तेव्हा दिसतं.

म्हणजे नागीण बाहेरून कुणाकडून येत नाही. आपली आपल्याच अंगातून उठते.

आणि त्या तोंड-शेपटाचं काय? एक नस शरीराच्या एकाच बाजूला जाते. पाठीच्या कण्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यावर संपते. डावीकडची डावीकडेच, उजवीकडची उजवीकडेच. त्यामुळे पट्टा अर्ध्यावर येऊन थांबतोच. गेरू लावा, लावू नका, तो थांबणारच. अंगातली ताकद फारच खचलेली असेल तर फोड इतरत्र पसरू शकतात, तो वेगळा आणि गंभीर प्रकार, तिथं तर थेट मोठा दवाखानाच. पण वेटोळं पूर्ण झालं म्हणून माणूस गेला, असं होत नाही.

डॉक्टर बाई पुढं जे म्हणाल्या ते आम्ही वहीत लिहून घेतलं होतं. "फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. माझ्याशिवाय सुकतात आणि त्या माणसाशिवायही सुकतात. म्हणून तर त्याचं नाव होतं. मागे जो ठणका राहतो, त्याचा हिशोब त्याच्याकडे कुणी मागायला जात नाही."

आम्ही गप्प बसलो. गाडी कुणी ठरवली ते त्यांनी विचारलं नाही, हेच नशीब.

निघताना त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे? कुणी गरोदर आहे?" दोन्ही होतं. चार वर्षांचा नातू, जो मावशींच्या कुशीत झोपतो. आणि सून, पाचवा महिना. डॉक्टर बाईंचा चेहरा बदलला. "सुनेला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? आजच विचारा."

इथं जरा थांबू, कारण याच ठिकाणी आपला सगळ्यांचा घोळ होतो. नागीण झालेल्या माणसामुळे दुसऱ्याला नागीण होत नाही. पण त्या फोडांच्या पाण्यात तोच विषाणू असतो. ज्याला कधी कांजिण्या आल्याच नाहीत, त्याला ते पाणी लागलं तर कांजिण्या होऊ शकतात. फोड सुती कापडानं झाकलेले असले, हात धुतले, टॉवेल-अंथरूण वेगळं ठेवलं तर धोका खूप कमी होतो. खपल्या धरल्या की संपलाच. म्हणून नागीण झालेल्या बाईला वाळीत टाकायचं कारण नाही. आम्ही मात्र टाकलं होतं. पुड्या भरायच्या ओळीत कुणी त्यांच्या शेजारी बसेना. कांजिण्या मात्र जास्त पसरतात. फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून, शेवटच्या फोडाला खपली धरेपर्यंत, खोकल्या-शिंकेतूनही. संसर्ग झाल्यापासून फोड दिसायला साधारण दहा ते एकवीस दिवस जातात.

पुढच्या रविवारी आम्ही तिसऱ्या फेरीला गेलो नाही. आणि सोमवारी नातवाच्या पोटावर, पाठीवर, मग तोंडावर पुरळ आलं. गल्लीत लगेच बोलणं सुरू झालं: रविवार चुकवला म्हणून देवी कोपली. मावशींच्या मुलालाही क्षणभर तसंच वाटलं, आम्हालाही वाटलं. मग हिशोब केला. आजीचे फोड उठल्यापासून अठरावा दिवस. डॉक्टर बाईंनी सांगितलेल्या दिवसांत बरोब्बर बसत होता.

'देवी' या शब्दानंही आपला मोठा गोंधळ केलाय. देवी हा वेगळाच रोग होता. त्यानं माणसं मरायची, डोळे जायचे, चेहऱ्यावर कायमचे व्रण राहायचे. तो भारतातून १९७५ मध्ये गेला, १९७७ मध्ये तसं जाहीर झालं आणि तो जगातूनच गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. आपल्या आई-आज्यांना भिंतींवरची रंगवलेली अक्षरं आठवतील, देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. त्या वेळी हजार म्हणजे केवढे! देशभरातून लोक कळवत होते, तपासणारे जात होते, आणि १९७५ नंतर देवीचा रोगी कुठंच सापडला नाही. बहुतेक वेळा कांजिण्याच निघायच्या. आता पन्नास वर्षं होत आली, तरी कांजिण्या आल्या की आपण 'देवी आल्या' म्हणतो आणि त्या जुन्या रोगाची भीती या रोगाला चिकटवतो.

घरात जे पाळतात त्यातलं सगळंच टाकून द्यायचं नाही. मूल वेगळं ठेवायचं, घरात ये-जा कमी करायची, हे शहाणपणाचंच आहे. लिंबाचा पाला दाराला लावा, मन शांत होत असेल तर लावा. कोमट पाण्यानं अंघोळ घाला, अंग स्वच्छ राहतं, खाज कमी होते. अंघोळ नको हे मात्र खरं नाही. नखं कापा, नाहीतर खाजवून फोड पिकतात. भरपूर पाणी, पेज, वरण-भात द्या. फोडणी नको म्हणून पोराला चार दिवस उपाशीच ठेवणं चुकीचं. आणि औषध दिलं तर देवी कोपते हे तर साफ चुकीचं. तापाला पॅरासिटामॉल चालतं, डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. ॲस्पिरिनची गोळी लेकराला कांजिण्यांत कधीही देऊ नका, त्यानं यकृताला आणि मेंदूला जीवघेणा त्रास होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळायचं. दुकानातून 'तापाची गोळी द्या' म्हणून आणली की ती कोणती आहे हे कुणी वाचत नाही, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

बहुतेक लेकरं आठ-दहा दिवसांत बरी होतात. मावशींचा नातूही झाला. पण धाप लागली, मूल सुस्त पडलं, सारख्या उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला, फोडाभोवती लाल होऊन सुजलं, पू आला, किंवा ताप चार दिवसांनंतरही उतरेना, तर घरी थांबायचं नाही.

मोठ्या माणसाला पहिल्यांदाच कांजिण्या आल्या तर त्या जास्त कडक असतात, छातीत न्यूमोनिया होऊ शकतो. गार देशांत बहुतेकांना त्या बालपणीच होऊन जातात. आपल्यासारख्या उष्ण देशांत मात्र बरीच माणसं लहानपणी सुटतात आणि मोठेपणी सापडतात. म्हणून 'आता या वयात कसल्या कांजिण्या' असं म्हणू नका. मोठ्या माणसानं पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. त्यांना त्याच विषाणूवरच्या गोळ्या लवकर सुरू करता येतात.

आता सुनेचं. त्या सोमवारी संध्याकाळी तिनं माहेरी, माढ्याकडे फोन लावला. आई शेतात होती, फोन भावानं उचलला, त्याला काय आठवणार? आई येईपर्यंत दोन तास गेले. ते दोन तास आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून होतो. शेवटी आईचा फोन आला. "तिसरीत होती की! दिवाळीच्या सुट्टीत आल्या होत्या. भुवईजवळ खड्डा हाय बघा अजून." सगळ्यांनी बॅटरी लावून तिची भुवई बघितली. होता खड्डा. सून हसली आणि मग रडली.

आल्या नसत्या तर? तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जायचं होतं. रक्त तपासून अंगात ताकद तयार झालेली आहे का ते कळतं. नसली तर संसर्गानंतर दहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. ते सगळीकडे मिळत नाही, महागही असतं, म्हणून वेळ घालवून चालत नाही. गरोदरपणात कांजिण्या झाल्याच तर आईला न्यूमोनियाचा धोका असतो. पहिल्या पाच महिन्यांत झाल्या तर बाळात व्यंग राहण्याची शक्यता शंभरात साधारण एक-दोन, जास्त नाही. म्हणून घाबरून पोट पाडायचा निर्णय कुणी घेऊ नये, तज्ज्ञ डॉक्टरांकडून सोनोग्राफी करत लक्ष ठेवतात. सगळ्यात जपायचं ते बाळंतपणाच्या वेळी. बाळंत व्हायच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस, या काळात आईला फोड उठले तर बाळाला फार जड जाऊ शकतं. तेव्हा घरी बाळंतपण नाही, मोठ्या दवाखान्यातच. गरोदर बाईला स्वतःला नागीण झाली, तर त्यानं पोटातल्या बाळाला इजा होत नाही. हे ऐकून आम्हाला नवल वाटलं होतं.

हे नातं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, असं आम्ही विचारलं. नागीण झालेल्या माणसाच्या घरात मुलांना कांजिण्या येतात, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी टिपलं होतं. पण तो विषाणू आपल्याच अंगात झोपून राहतो, ही गोष्ट नीट मांडली ती इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं. एडगर होप-सिम्पसन त्यांचं नाव, सायरेन्सेस्टर नावाच्या लहान गावात दवाखाना. त्यांनी सोळा वर्षं आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. कुणाला, कितव्या वर्षी, कुठल्या बाजूला. दूरच्या येल नावाच्या बेटावर जाऊनही चौकशी केली, कारण तिथं बाहेरचं माणूस कमी येतं आणि कुणाचा आजार कुठून आला ते शोधता येतं. १९६५ मध्ये त्यांनी ते सगळं मांडलं. म्हणजे मोठी प्रयोगशाळा नव्हे, रजिस्टर! आम्ही बचत गटवाल्या, रजिस्टर लिहून लिहून बोटं दुखतात आमची. ऐकून बरं वाटलं.

आणि ज्या गोळ्या मावशींना वेळेत मिळाल्या नाहीत, त्या एसायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या गर्ट्रूड एलियन या अमेरिकन बाईंच्या गटानं शोधल्या. आजोबा कॅन्सरनं गेले म्हणून त्यांनी पंधराव्या वर्षी विज्ञान शिकायचं ठरवलं. शिकल्यावर प्रयोगशाळेत नोकरी मिळेना, कारण बाई. डॉक्टरेटही पुरी करता आली नाही. त्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ही गोळी नागिणीत मोठ्या माणसाला साधारण दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावी लागते. किडनीचा त्रास असेल तर मात्रा बदलते, त्यामुळे दुकानातून परस्पर आणायची नाही. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचीही नाही. आणि पाणी भरपूर प्यायचं.

मावशींचा ठणका पुढं सात महिने राहिला. कातडी नितळ, डाग फिकट, बघणाऱ्याला काही दिसत नाही. आतून मात्र आग, मधेच करंट मारल्यासारखं. विषाणूनं नस दुखावून ठेवलेली असते, ती उगाच ओरडत राहते. फोड जाऊन तीन महिने झाले तरी दुखत असेल, तर त्याला नागिणीनंतरचं दुखणं म्हणतात. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा अंदाज आहे की तिथं दर तीन माणसांत एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते, आणि झालेल्या शंभरांत दहा ते अठरा जणांना हे मागचं दुखणं राहतं. वय जास्त तितकं जास्त.

मावशी ब्लाउज घालेनात, मुलाचा जुना सैल शर्ट घालायच्या. बैठकीला येणं बंद झालं. "काही दिसत न्हाई, मग नाटकं कशाला," हे घरातून ऐकून घेतलं. गटाचे हप्ते थकले आणि आम्ही रजिस्टरात नियमाप्रमाणे दंड लिहिला. दोन महिने लिहिला. तिसऱ्या महिन्यात एकीनं विचारलं, "आपण त्यांना उतरवायला नेलं, आणि आता दंडही आपणच घेतोय का?" तेव्हा तो काढला.

या दुखण्यावर साधी पेनकिलर फारशी चालत नाही. नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन. ही शेवटची गोळी उदासपणाच्या आजारातही देतात. ते मेडिकलवाल्यानं सांगितल्यावर मावशींनी डबी ठेवून दिली, "मला काय येड लागलंय?" म्हणून. तीच गोळी कमी मात्रेत नसेचं ओरडणं शांत करते. सुरुवातीला झोप, गरगर येते, म्हणून रात्री घ्यायची आणि उठताना हळू उठायचं. हळूहळू मात्रा ठरते, चार दिवसांत गुण येत नाही. पंधरा दिवसांनी मावशी पहिल्यांदा सलग पाच तास झोपल्या.

आणखी दोन ठिकाणची नागीण लक्षात ठेवा. कपाळावर, पापणीवर, आणि विशेष म्हणजे नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात असतो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कानात किंवा कानाभोवती फोड, कान दुखतोय, तोंड एका बाजूला वाकडं झालं, गरगरतंय, तर तेही त्याच दिवशी. आपल्याकडे तोंड वाकडं झालं की वारं लागलं म्हणतात आणि शेकत बसतात. शेकत बसू नका. तरुण माणसाला नागीण झाली किंवा परत परत झाली, तर डॉक्टर साखर आणि एचआयव्ही तपासायला सांगतात. त्यात लाजायचं किंवा घरात संशय घ्यायचं काही नाही, एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते आणि गुप्त ठेवतात.

लशीचं प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. कांजिण्यांची लस आहे. जपानमधल्या मिचिआकी ताकाहाशी या डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये तयार केली, स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांत तळमळताना बघून. पण अंगणवाडीत, उपकेंद्रात जे मोफत लसीकरण होतं, त्यात ती सध्या नाही. तिथं देतात ती गोवर-रुबेलाची. दोन्ही एकच समजू नका. कांजिण्यांची लस खासगीत दोन डोसांत मिळते. घरातल्या मुलीला लग्नाआधी ती देता आली, तर पुढच्या गरोदरपणातली काळजी मिटते. गरोदर असताना मात्र ती देत नाहीत. नागिणीचीही लस आहे, पन्नाशीनंतर, दोन डोस, भारतात २०२३ पासून मिळते. किंमत ऐकून आमच्या गटात हशा पिकला होता. परवडेल त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. आपल्यासारख्यांच्या हातात आज पक्कं आहे ते म्हणजे पहिले तीन दिवस.

म्हणून आमच्या गटाच्या रजिस्टरात आम्ही एक रकाना वाढवलाय. प्रत्येकीच्या नावापुढे, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का: हो, नाही, माहीत नाही. पहिल्या दिवशी 'माहीत नाही' असं निम्म्या जणींनी सांगितलं. मग घरोघरी फोन लागले. एकीची आई राहिली नाही, तिनं मामीला विचारलं. ज्यांची आई अजून आहे त्यांनी आज संध्याकाळीच विचारून घ्या. आणि अंगाच्या एकाच बाजूला, कारण नसताना आग किंवा चुरचुर व्हायला लागली, तर रोज आरशात तेवढी जागा बघा. पहिला फोड दिसला तो दिवस आणि वेळ कागदावर लिहा. तो कागद घेऊनच दवाखान्यात जा.

मावशी आता अर्धा दिवस कामावर येतात. हे भाषण इथं वाचायच्या आधी आम्ही त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकलं, मधे एकदोनदा हसल्या. मग म्हणाल्या, "ते गाडीचे पाचशे रुपये गटाला भरायचे ऱ्हायलेत का गं माझे?"

आम्ही म्हटलं, ते आमच्या नावावर लिहिलेत.